विहिरीतलं नायट्रेट ओढ्यापर्यंत येताना जातं कुठे? मोजायचं कसं आणि चुकतं कुठे

विहिरीचा नायट्रेटचा रिपोर्ट लिटरला ६४ मिलिग्रॅम, शेजारच्या ओढ्याचा १२. हे दोन आकडे शेजारी मांडले की लगेच वाक्य तयार होतं: मधल्या मातीनं नायट्रेट खाल्लं. पण आकडा उतरायला तीन वेगवेगळी कारणं असू शकतात. विहिरीचं पाणी ओढ्यातल्या पातळ पाण्यात मिसळलं असेल. वाटेत जिवाणूंनी नायट्रेट खरोखर मोडलं असेल. किंवा त्या विहिरीचं पाणी त्या ओढ्यात मुळी येतच नसेल. तिसरी शक्यता कुणी तपासत नाही आणि बहुतेक अहवाल तिथेच कोसळतात.

म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी पाण्याची दिशा, मग क्लोराइड, मग नायट्रेट, शेवटी ऑक्सिजनचा पुरावा. खालची पद्धत कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, हातकणंगले, शिरोळकडच्या ऊसपट्ट्यातले ओढे आणि पंचगंगेच्या काठच्या विहिरी डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे.

१. एकक आणि अपेक्षा

प्रयोगशाळा दोन तऱ्हांनी आकडा देते: "नायट्रेट" म्हणून किंवा "नायट्रेट-नायट्रोजन" म्हणून. दुसऱ्याला ४.४३ नं गुणलं की पहिला मिळतो. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट, म्हणजे साधारण १०.२ मिलिग्रॅम नायट्रोजन. चाचणीच्या पट्टीवर १० वाचून "मर्यादेच्या खूप खाली" म्हणणारे कमी नाहीत. त्यांच्या पट्टीवर नायट्रोजन छापलेला असतो.

रानातून किती येऊ शकतं याचाही अंदाज आधीच असावा. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र (नायट्रोजन). त्यातलं अर्ध्या पोत्याचं नत्र एका एकरातून १०० मिलिमीटर पाण्याबरोबर मुळांच्या खाली गेलं, तर त्या झिरपत्या पाण्यात लिटरला सुमारे ११३ मिलिग्रॅम नायट्रेट होतं. आडसाली उसाची नत्राची शिफारस हेक्टरी ४०० किलो आहे, म्हणजे एकरी पावणेआठ पोती युरियाइतकी. तेव्हा विहिरीत ६०-७० आकडा दिसला म्हणून प्रयोगशाळेवर संशय घेऊ नका.

सावधान: ४५ च्या वरचं पाणी बाटलीनं दूध पिणाऱ्या बाळाला नको. उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि उलट ते दाट होतं.

२. ओळ आखा

सुट्या विहिरी वेचू नका. चढाकडून ओढ्याकडे उतरणारी एकच ओळ धरा: वरच्या रानातली विहीर, उताराच्या मध्यावरची विहीर, काठच्या मळीतली (गाळाच्या जमिनीतली) विहीर किंवा उथळ नळी, ओढ्याच्या पात्राखालचं पाणी आणि शेवटी ओढा. ओढ्यातही ओळीच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक अशा दोन जागा हव्यात.

विहिरी ८ ते १५ मीटर खोलीच्या, मुरूम आणि मांजऱ्या खडकातल्या निवडा. दोन-तीनशे फुटांचा बोअर त्याच रानात असला तरी त्याचं पाणी लाल बोलच्या (खडकाच्या दोन थरांमधल्या लाल मातीच्या) थराखालचं, वेगळ्या भेगेतलं असू शकतं. तो या ओळीत बसत नाही.

वेळापत्रकही इथेच ठरवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी साधारण ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात मोजते. तेच महिने धरले तर तुमचे आकडे ताडून पाहता येतात. त्यात पहिल्या दमदार पावसानंतरची एक फेरी वाढवा. उन्हाळ्यात तापलेल्या मातीत ओल शिरली की सेंद्रिय नत्राचं नायट्रेट झपाट्यानं होतं आणि पुढच्या पावसाबरोबर खाली उतरतं. भरणीचा (उसाला माती लावतानाचा) खताचा डोस कधी पडला ती तारीख शेतकऱ्याकडून विचारून वहीत लिहा. ती नसेल तर आकड्याचा अर्थ लागत नाही.

३. सामान

अर्धा-एक लिटरच्या नव्या पॉलिथिन बाटल्या, थर्मोकोलचा डबा आणि बर्फ, वाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज), तापमान आणि सामू (पीएच) मोजणारं मीटर, विरघळलेल्या ऑक्सिजनचं मीटर किंवा किट, ०.४५ मायक्रॉनचे सिरिंज फिल्टर, ६० मिलिलिटरची सिरिंज, सलाईनची नवी नळी, पोलादी टेप, खडू आणि गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल नळी.

पात्राखालच्या पाण्यासाठी अर्धा इंची सीपीव्हीसी पाइपचे दीड मीटरचे तुकडे कापा. खालच्या १० सेंटिमीटरला ३ मिलिमीटरची भोकं पाडा, त्यावर मच्छरदाणीच्या नायलॉनचे दोन वेढे गुंडाळा आणि टोकाला नायलॉनचा टोकदार बूच ठोका. जी. आय. पाइप वापरू नका. त्यातलं जस्त आणि लोखंड नायट्रेटशी प्रक्रिया करू शकतात. मग जे विघटन मातीत शोधायचं तेच पाइपात होऊन बसतं.

४. पाणी कुठून कुठे जातं ते आधी ठरवा

ही पायरी सर्वात कंटाळवाणी आहे आणि सगळा निकाल हिच्यावर उभा आहे.

प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगाची एक खूण करा आणि तिथून पाण्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजा. टेपच्या शेवटच्या अर्ध्या मीटरला खडू लावला की ओल कुठवर चढली ते स्वच्छ दिसतं. मग लेव्हल नळीनं सगळ्या खुणा एकमेकींशी जोडा. दहा मीटरची नळी टप्प्याटप्प्यानं शंभर-दोनशे मीटर नेता येते. परतताना पुन्हा मोजून सुरुवातीशी जमवा, फरक २ सेंटिमीटरच्या आत हवा. मोबाइलमधली उंची इथे निरुपयोगी: तिची चूक काही मीटरची आणि तुमचा उतार सेंटिमीटरांचा.

आता पात्रातली नळी. पाइपात बारीक सळई घालून सळईवर हातोडा मारत भोकांचा मध्य पात्राखाली ४५ सेंटिमीटरवर जाईल इतपत ठोका. पहारीनं आधी मोठं भोक पाडून पाइप सरकवू नका, बाजूनं ओढ्याचं पाणी खाली उतरतं. दगड लागला तर हातभर बाजूला सरका. सिरिंजनं गढूळ पाणी काढून टाका आणि नळी रात्रभर तशीच राहू द्या.

दुसऱ्या दिवशी पाइपच्या तोंडापासून आतल्या पाण्याचं आणि बाहेर ओढ्याच्या पाण्याचं अंतर मोजा. समजा आत ४१.२ आणि बाहेर ४३.० सेंटिमीटर. आतलं पाणी १.८ सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे भूजल वर ओढ्यात येतंय. उतार १.८ भागिले ४५, म्हणजे ०.०४. उलट निघालं तर ओढाच जमिनीत मुरतोय आणि विहिरीचं नायट्रेट ओढ्यात शोधण्यात अर्थ नाही.

तपासा: २-३ मिलिमीटरचा फरक सोडून द्या, तेवढं पाणी बारीक नळीत आपोआप चढतं. बाहेरची पातळी पाइपच्या कडेला घ्या. वरच्या अंगाला प्रवाह आदळून पाणी फुगलेलं असतं.

कोल्हापुरात दिशा फसवणाऱ्या दोन गोष्टी हमखास आडव्या येतात.

पहिली बंधारा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पावसाळ्यानंतर बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले की मागे पाण्याची फूग तयार होते. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा असो की तेरवाडचा, वरच्या अंगाला नदीची पातळी काठच्या भूजलाच्या वर चढते आणि नदी काठात मुरायला लागते. त्या दिवसांत काठच्या विहिरीत नायट्रेट उतरलेलं दिसतं ते नदीचं पाणी आत आल्यामुळे, कुठल्या जिवाणूमुळे नव्हे. पावसाळ्याआधी बर्गे काढले की काठात साठलेलं तेच पाणी परत नदीत येतं. म्हणून बंधाऱ्याजवळ काम असेल तर वर एक आणि खाली एक अशा दोन नळ्या लागतातच आणि बर्गे कधी घातले-काढले ती तारीखही लागते.

दुसरी मोटर. ओढ्यापासून दहा-वीस मीटरवरची विहीर उपसत असेल तर ती ओढ्याचं पाणी स्वतःकडे ओढते. शेतीची वीज पाळीनं येते. ती बंद असतानाच्या तासांत, मोटर थांबून निदान १२ तास झाल्यावर पातळी घ्या. पाळीचं वेळापत्रक आधी विचारून ठेवा, नाहीतर गावात दोन खेपा वाया जातात.

५. विहीर आणि बोअरमधून नमुना

उघड्या विहिरीचा वरचा हातभर थर घेऊ नका. तिथे हवा लागलेली असते आणि उन्हाळ्यात शेवाळ नायट्रेट खातं. मोटर चालू करून पाइपातलं साचलेलं पाणी जाऊ द्या आणि मग घ्या. मोटर नसेल तर वजन बांधलेली बाटली झऱ्याच्या तोंडाजवळ सोडा. पाण्यावर पालापाचोळा कुजत असेल किंवा कठड्याला लागून गोठा असेल, तर त्या विहिरीचा आकडा तिचा एकटीचा असतो, रानाचा नव्हे. ठिबकच्या व्हेंचुरीतून (खत ओढून घेणाऱ्या जोडणीतून) खताचं पाणी मागे विहिरीत येत नाही ना, तेही बघा.

ओळीबाहेरच्या बोअरचा वेगळा नमुना हवा असेल, तर बोअर आधी उपसून घ्यावा लागतो. सहा इंची बोअरमध्ये मीटरला साधारण १८ लिटर पाणी उभं असतं. ३० मीटर पाणी असेल तर ५४७ लिटर आणि तिप्पट उपसायचं म्हणजे १६४० लिटर. वीस लिटरची बादली १० सेकंदांत भरत असेल तर चौदा मिनिटं. त्यानंतर दर पाच मिनिटांनी वाहकता, सामू आणि तापमान बघा. सलग तीन वाचनांत वाहकता ३ टक्क्यांच्या आत आणि सामू ०.१ च्या आत राहिला की बाटली भरा. टाकीच्या चावीतून घेतलेला नमुना बाद.

६. पात्राखालचं पाणी आणि ओढा

ओढ्यात नेहमी खालून वर चढत जा आणि तोंड प्रवाहाकडे ठेवा, म्हणजे तुमच्या पायानं ढवळलेला गाळ बाटलीत येत नाही. प्रत्येक फेरी एकाच वेळी, शक्यतो सकाळी सात ते नऊच्या दरम्यान करा. ऊन चढलं की शेवाळामुळे ऑक्सिजन आणि नायट्रेट दोन्ही हलतात.

पात्राखालचं पाणी सावकाश ओढायचं. अर्धा इंची सीपीव्हीसी पाइपात ८० सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे १०० मिलिलिटर. आधी अर्धा लिटर काढून टाका, मिनिटाला एका सिरिंजपेक्षा जास्त वेगानं नको. जोरात ओढलं की ओढ्याचं पाणी पात्रातून खाली खेचलं जातं आणि नमुना तुम्ही स्वतःच पातळ करता. सिरिंजमध्ये बुडबुडे दिसले तर ऑक्सिजनचं वाचन घेऊ नका.

तपासा: पात्राखालच्या पाण्याची वाहकता हुबेहूब ओढ्याइतकीच आली आणि नळीतली पातळी मात्र भूजल वर येतंय असं दाखवत असेल, तर बाजूनं गळती आहे. नळी उपटून दुसरीकडे ठोका.

७. प्रवाह मोजा, नाहीतर वजन कळत नाही

पाण्यातलं प्रमाण आणि एकूण वजन या दोन गोष्टी आहेत. दहा मीटरचा सरळ तुकडा निवडा, त्यातून लाकडाचा ढलपा पाच वेळा सोडा आणि सरासरी वेळ काढा. रुंदी २ मीटर, सरासरी खोली १५ सेंटिमीटर आणि वेळ ६४ सेकंद असेल, तर पृष्ठवेगाला ०.८५ नं गुणून प्रवाह सेकंदाला ४० लिटरच्या आसपास येतो. दगडगोट्यांच्या उथळ पात्रात गुणक आणखी कमी धरा.

या ओढ्यात नायट्रेट २० असेल तर दिवसाला ६९ किलो नायट्रेट वाहतं, म्हणजे १५.६ किलो नत्र. म्हणजे रोज पाऊण पोतं युरिया पंचगंगेकडे. "फक्त २०" म्हणताना हे ध्यानात असू द्या.

८. बाटलीपासून प्रयोगशाळेपर्यंत

त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळा, काठोकाठ भरा आणि बर्फात ठेवा. गढूळ पाणी जागीच गाळा. गाळातले जिवाणू बाटलीतही काम चालू ठेवतात. तपासणी ४८ तासांच्या आत. गंधकाम्ल घालून सामू २ च्या खाली नेला तर २८ दिवस टिकतं, पण मग नायट्रेट आणि नायट्राइट वेगळे मिळत नाहीत. अशी बाटली वेगळी, त्यावर मोठ्या अक्षरात खूण.

दर दहा नमुन्यांमागे एक जोड नमुना (त्याच पाण्याची दुसरी बाटली) आणि एक ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली पाठवा. मागणी अशी लिहा: नायट्रेट, नायट्राइट, अमोनियम, क्लोराइड, विरघळलेलं लोह, बायकार्बोनेट. नुसतं नायट्रेट मागवलं तर पुढची पायरी करताच येत नाही. पावसाळ्यातलं तांबूस पाणी २२० नॅनोमीटरच्या अतिनील पद्धतीनं तपासलं जाणार असेल तर २७५ नॅनोमीटरच्या वाचनाची दुरुस्ती करतात का ते विचारा. विरघळलेले सेंद्रिय पदार्थ तिथे नायट्रेटचं सोंग घेतात.

९. मिसळ वेगळी काढा, मग विघटन

क्लोराइड जिवाणू खात नाहीत आणि मातीही फारसं धरत नाही. ते फक्त पातळ होतं. त्याच्याकडूनच मिसळीचा हिशेब मिळतो.

उदाहरण घेऊ. विहीर: नायट्रेट ६४, क्लोराइड ८४. वरच्या अंगाचा ओढा: नायट्रेट ६, क्लोराइड १४. पात्राखालचं पाणी: नायट्रेट १२, क्लोराइड ४९.

विहिरीच्या पाण्याचा वाटा = (४९ − १४) ÷ (८४ − १४) = ०.५, म्हणजे निम्मा.
नुसती मिसळ असती तर नायट्रेट = ६ + ०.५ × (६४ − ६) = ३५.
मिळालं १२. म्हणजे २३ मिलिग्रॅम वाटेत खरोखर गेलं.

आणि ६४ वरून १२, म्हणजे ५२ गेले असं लिहिणाऱ्यानं निम्म्याहून जास्त घट फुकटात विघटनाच्या खात्यावर टाकली.

सावधान: म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच. ते नुकतंच पडलं असेल तर विहिरीचं क्लोराइड चढतं. सांडपाण्यानंही चढतं. तीनही नमुने एकाच फेरीतले हवेत. मागच्या महिन्याची विहीर आणि आजचा ओढा असा हिशेब चालत नाही.

१०. गेलं ते जिवाणूंनीच मोडलं का?

विघटनात जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरून श्वास घेतात: नायट्रेटचं नायट्राइट, मग नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नायट्रोजन वायू. त्यासाठी दोन अटी आहेत. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला एक मिलिग्रॅमच्या खाली, आणि खायला सेंद्रिय कार्बन.

दुसऱ्या अटीचा हिशेब बोलका आहे. एक मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन मोडायला साधारण १.०७ मिलिग्रॅम कार्बन लागतो. ६४ मिलिग्रॅम नायट्रेटला सुमारे १५ मिलिग्रॅम कार्बन हवा. भूजलात विरघळलेला सेंद्रिय कार्बन सहसा एक-दोन मिलिग्रॅमच असतो आणि बेसाल्ट खडकात तर तो जवळजवळ नसतोच. भेगांमधून पाणी वेगानं, हवेसकट धावतं. म्हणून खडकात नायट्रेट वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं आणि मोडतं ते शेवटच्या काही मीटरांत: मळीची काळी चिकण माती, पात्रातला पालापाचोळ्याचा गाळ, बंधाऱ्यामागचा काळा चिखल. पात्र उकरून नुसता मुरूम आणि गोटे उरले की हे काम थांबतं, भूजल थेट ओढ्यात येतं.

पुरावे शोधा: ऑक्सिजन एकच्या खाली, थोडं नायट्राइट, वाढलेलं बायकार्बोनेट. बाटली तासभर उघडी ठेवल्यावर तळाला तांबूस साका बसला तर ते विरघळलेलं लोह. म्हणजे त्या पाण्यातला ऑक्सिजन संपलेला आहे. ऑक्सिजन ५-६ असेल तर विघटनाचा दावा करू नका. घट खरी असेल, पण ती गवतानं, उसाच्या मुळांनी किंवा शेवाळानं उचललेली असण्याची शक्यता जास्त.

अमोनियम मागवलं ते दोन कारणांसाठी. कार्बन फार आणि नायट्रेट थोडं अशा चिखलात काही जिवाणू नायट्रेटचं अमोनियम करतात. नत्र तिथेच राहतं, नुसतं नाव बदलतं. दुसरं म्हणजे शहराचं सांडपाणी. कोल्हापुरात जयंती नाल्यासारख्या प्रवाहात नत्र मुख्यतः अमोनियमच्या रूपात येतं, त्यामुळे तिथे नायट्रेट कमी दिसलं तरी पाणी स्वच्छ ठरत नाही. पुढे खळाळात हवा मिळाली की त्याच अमोनियमचं नायट्रेट होतं आणि खालच्या जागी आकडा चढतो. मग शेजारच्या उसावर खापर फुटतं.

समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची) तपासणी परवडत असेल तर नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोन्हींची करा. हवेतल्या नायट्रोजनच्या तुलनेत रासायनिक खताचा नायट्रोजन-१५ शून्याच्या आसपास, शेणखत आणि सांडपाण्याचा साधारण १० ते २० प्रतिहजार. पण विघटनानंही हा आकडा चढतो. नुसत्या नायट्रोजनवरून "हे सांडपाणी" म्हणू नका. ऑक्सिजन-१८ पण त्याच्याबरोबर, निम्म्या ते पुऱ्या वेगानं चढत असेल तर ते विघटन.

११. पुरानंतरची विहीर

जुलै-ऑगस्टच्या पुरात बुडालेल्या काठच्या विहिरीत पूर ओसरल्यावर नदीचं पाणी असतं. नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही एकदम पडलेले दिसतात. ती पूर्ण उपसा, गाळ काढा आणि पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन वाचनांत वाहकता जमली की मगच ओळीत परत घ्या. तोवर वहीत तिच्या रकान्यात आकड्याऐवजी "पूर" एवढंच लिहा.